गोळी आजोबांची, रस संत्र्याचा!

मित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. एका माणसाने एके दिवशी रक्तदाबाची एक गोळी पेलाभर पाण्याबरोबर घेतली. दुसऱ्या एका दिवशी तीच गोळी, तेवढ्याच ताकदीची, एका फळाच्या रसाबरोबर घेतली. दोन्ही वेळा त्याच्या रक्तात किती औषध उतरलं ते मोजलं. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी औषध किती जास्त सापडलं असेल? जवळजवळ पाचपट! गोळी तर एकच होती. मग हे जास्तीचं औषध आलं कुठून? रसात औषधाचा कणसुद्धा नव्हता, बरं का!

विचार करा. उत्तर पुढे येतंच आहे. तोवर हे कोडं तुम्हाला का घातलं ते सांगतो.

आपल्या नागपुरात वर्षातून दोनदा संत्र्यांचा हंगाम येतो. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची फळं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची. कळमन्याच्या बाजारात ढीग लागतात, काटोल-नरखेडकडचा एखादा पाहुणा पिशवी भरून संत्री घेऊन येतो आणि घरात दिवसभर सालींचा वास दरवळतो. याच घरात आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबाही असतो. सकाळची रक्तदाबाची, रात्रीची कोलेस्टेरॉलची, एखादी हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी. ‘बाळा, माझी गोळी आण रे’ अशी हाक आली की उठायचं कुणी? बहुतेक घरांत तुम्हीच! गोळी हातावर ठेवायची आणि सोबत पेला द्यायचा. त्या पेल्यात काय असावं, हा आजचा आपला विषय.

सुरुवात होते कॅनडात. तिथेही लंडन नावाचं एक शहर आहे. ऑन्टारिओ प्रांतातल्या या लंडनमध्ये डेव्हिड बेली नावाचे औषधशास्त्रज्ञ काम करत. हे बेली म्हणजे मोठे मजेशीर गृहस्थ असावेत. तरुणपणी ते धावपटू होते आणि १९६६ साली चार मिनिटांच्या आत एक मैल धावणारे पहिले कॅनडावासी ठरले होते! १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्येही ते धावले. पण जगभरच्या डॉक्टरांना त्यांचं नाव ठाऊक झालं ते एका फळामुळे.

१९८०नंतरच्या दशकात बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन नावाच्या रक्तदाबाच्या औषधावर प्रयोग करत होते. हे औषध आणि दारू एकत्र पोटात गेली तर काय होतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. आता अशा प्रयोगात एक अडचण असते. आपल्याला दारू दिली की नुसतं सरबत दिलं, हे प्रयोगात भाग घेणाऱ्यांना कळता कामा नये. कळलं, की मनाचे खेळ सुरू होतात. उगाचच कुणाला गरगरायला लागतं! तेव्हा दारूची चव पार झाकून टाकील असं काहीतरी हवं होतं. एका शनिवारी संध्याकाळी घरच्या फ्रिजमधले एकूण एक रस चाखून पाहिले गेले, आणि ग्रेपफ्रूट नावाच्या फळाचा कडसर, आंबट रस सगळ्यांत सरस ठरला. झालं, तोच वापरायचा ठरला.

प्रयोग पार पडला. दारूचं जे दिसायचं ते दिसलं, पण एक भलतीच गोष्ट सगळ्यांना छळू लागली. ज्यांनी दारू घेतली त्यांच्याही आणि ज्यांनी नुसता रस घेतला त्यांच्याही रक्तात फेलोडिपिन नेहमीच्या कितीतरी पट जास्त निघालं. गोळीच जास्त ताकदीची दिली गेली का? मोजण्यात चूक झाली का? सगळं तपासून झालं. संशय घ्यायला शेवटी एकटा तो बिचारा रस उरला. मग बेलींनी स्वतःवरच प्रयोग केला: एकदा पाण्याबरोबर गोळी, एकदा रसाबरोबर. आपल्या कोड्यातला माणूस तो हाच!

१९८९मध्ये त्यांनी हे पहिल्यांदा छापून आणलं. १९९१मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकातल्या नावाजलेल्या साप्ताहिकात पुढची हकिगत आली. रक्तदाब किंचित जास्त असलेल्या सहा पुरुषांना हीच गोळी पाण्याबरोबर आणि रसाबरोबर देऊन पाहिली होती. पाण्याबरोबर रक्तात पोचणारं औषध १०० धरलं, तर ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर ते सरासरी २८४ भरलं. आणि नागपूरकरांनो, कान टवकारून ऐका: याच प्रयोगात संत्र्याच्या जातीचा रसही देऊन पाहिला होता. त्याने काहीच फरक पडला नाही! असं का, ते थोड्या वेळाने पाहू.

नाक्यावरचा नाकेदार

आता कोड्याचं उत्तर. पूर्वी शहरांच्या वेशीवर जकात नाके असत. बाबांना विचारा, त्यांना आठवत असतील. बाहेरून आलेला ट्रक नाक्यावर थांबायचा, जकात भरायची आणि मगच माल गावात यायचा. आपल्या लहान आतड्याच्या भिंतीतही असाच एक नाकेदार बसलेला असतो. त्याचं नाव मात्र अगदी रुक्ष आहे: सीवायपी-३ए४. हे एक विकर आहे, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं एन्झाइम. अन्नाबरोबर नाही नाही ती परकी रसायनं पोटात येतात. ती मोडून-तोडून निकामी करणं हे त्याचं काम. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की आलेलं रसायन विष आहे की आजोबांचं औषध? तो औषधाचीही मोडतोड करतो. पुढे यकृतात असाच आणखी एक नाका. दोन्ही नाके ओलांडून फेलोडिपिनचे १०० भागांपैकी जेमतेम १५ भाग रक्तात पोचतात. बाकीचे ८५ वाटेतच खर्ची पडतात.

आता तुम्ही म्हणाल, मग औषध बनवणाऱ्यांनी एवढं वाया का घालवायचं? त्यांना ते माहीत असतं. बासुंदी करताना आई दूध जास्तच घेते ना? आटणार, हे तिनं धरलेलंच असतं. गोळीत किती औषध घालायचं ते ठरवताना वाटेतली ही घट अशीच हिशेबात धरलेली असते.

पण समजा, दूध आटलंच नाही तर?

ग्रेपफ्रूटच्या रसात फ्युरॅनोकुमरिन जातीची काही द्रव्यं असतात. ती त्या नाकेदाराला जाऊन चिकटतात आणि त्याला कायमचं निकामी करून टाकतात. नाका उघडा पडतो. जे औषध वाटेत मोडायचं ते न मोडता सरळ आत घुसतं. एका गोळीत दोन-तीन गोळ्यांचा परिणाम! हेच फेलोडिपिन सुईने थेट शिरेत दिलं, तर मात्र रसाचा काहीही उपद्रव होत नाही. कारण मग आतड्याचा नाका वाटेत लागतच नाही. गडबड नेमकी कुठे होते, ते शास्त्रज्ञांना यावरूनच पक्कं कळलं.

यात एक फसवी गोष्ट आहे. ‘रस सकाळी पिऊ, गोळी रात्री घेऊ, म्हणजे झालं!’ असं तुम्हाला वाटेल. पण निकामी झालेला नाकेदार पुन्हा उभा राहत नाही. पेशींना नवा तयार करावा लागतो आणि त्याला एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे सोमवारी प्यायलेल्या रसाचा परिणाम मंगळवारच्या गोळीवरही होऊ शकतो. आणि रस काही बादलीभर लागत नाही. एक पेला पुरतो.

बरं, रक्तात औषध जास्त झालं तर बिघडलं काय? रक्तदाब फार खाली जातो, डोकं दुखतं, चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं. आजोबा खुर्चीतून उठतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. तुम्ही पडलात तर गुडघा खरचटेल. आजोबा न्हाणीघरात पडले तर मांडीचं हाड मोडतं आणि महिनोन्‌महिने बिछाना धरावा लागतो. म्हणून ही गंमत गंमतीवारी नेण्याची नाही.

फेलोडिपिन एकटंच यात सापडलं असंही नाही. निफेडिपिन त्याच्याच कुळातलं आहे. ठोक्यांच्या अनियमितपणावर देतात ते ॲमिओडॅरोनही यात येतं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या सिमवास्टॅटिनची गोष्ट तर फारच बोलकी आहे. फिनलंडमध्ये निरोगी माणसांना तीन दिवस रोज साधा एकेक पेला ग्रेपफ्रूटचा रस देऊन मग हे औषध दिलं, तर रक्तातलं त्याचं प्रमाण साडेतीन पटींहून जास्त झालं. हे औषध फार झालं की स्नायू दुखू लागतात आणि क्वचित स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडांवर बेतू शकतं. याउलट आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या ॲम्लोडिपिनला या रसाचा विशेष फरक पडत नाही. रोसुवास्टॅटिनलाही नाही. म्हणजे ‘रक्तदाबाची गोळी’ एवढंच म्हणून भागत नाही, गोळीचं खरं नाव काय ते पाहावं लागतं. २०१३ साली बेली आणि त्यांच्या साथीदारांनी यादी केली, तेव्हा ग्रेपफ्रूटशी न जमणारी ८५हून अधिक औषधं निघाली. त्यांतल्या ४३ औषधांच्या बाबतीत परिणाम गंभीर होऊ शकतो असं त्यांनी नोंदवलं होतं.

संत्र्याचं घराणं

आता तुमच्यापैकी एखादा हुशार मित्र हात वर करून म्हणेल, ‘पण आम्ही ग्रेपफ्रूट पाहिलेलंसुद्धा नाही! ते द्राक्षांसारखं असतं का?’ नाही हो. नावात ग्रेप असलं तरी द्राक्षाशी त्याचा काही संबंध नाही. झाडावर ती फळं घोसाने लोंबतात म्हणून ते नाव पडलं असं म्हणतात. दिसायला ते मोठ्या मोसंब्यासारखं असतं, आत पिवळसर नाहीतर गुलाबी गर आणि चवीला कडसर. १८व्या शतकात वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर ते आपोआप संकर होऊन जन्माला आलं. नागपूरच्या रसाच्या गाड्यावर ते तुम्हाला मिळायचं नाही. मोठ्या शहरांतल्या झगमगीत दुकानांत परदेशी रसाच्या खोक्यांत मात्र ते येतं, आणि परदेशातून आलेले मामा-काका ते कौतुकाने घेऊनही येतात.

पण त्याच्या आईबापांना तुम्ही चांगलं ओळखता! एक म्हणजे गोड नारिंग, म्हणजेच आपल्या मोसंबीचं कूळ. आणि दुसरं म्हणजे आपलं पपनस. गणपतीच्या दिवसांत बाजारात येतं ना, फुटबॉलएवढं हिरवं-पिवळं फळ? कोकणात गणपतीपुढच्या फळांत तर ते हमखास असतं. ग्रेपफ्रूटमधली ती नाकेदार मारणारी द्रव्यं पपनसाकडूनच वारशाने आली आहेत आणि पपनसात ती भरपूर असतात. तेव्हा ‘ते परदेशी फळ, आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणून सुटता येत नाही. ग्रेपफ्रूट टाळायला सांगितलेल्या माणसाने पपनसही टाळायचं, असंच डॉक्टर सांगतात. प्रसाद म्हणून एक फोड आणि जेवणानंतर अख्खं पपनस मीठ-साखर लावून, या दोन गोष्टी सारख्या नाहीत हे खरं. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, आपण नव्हे.

लिंबाच्या या घराण्याची वंशावळ मोठी गुंतागुंतीची आहे. मुळात थोडीच फळं: पपनस, महाळुंग आणि मँडरिन, म्हणजे सैल सालीची, सहज सुटणारी संत्री. आज आपण खातो त्यांतली बहुतेक फळं यांच्याच एकमेकांतल्या सोयरिकींतून झाली. मोसंबीचं कूळ हे पपनस आणि मँडरिन यांचं मूल. त्या मुलाची पुन्हा पपनसाशी सोयरीक झाली, तेव्हा ग्रेपफ्रूट जन्मलं. आपला नागपुरी संत्रा मात्र मँडरिनच्या कुळातला. भोसल्यांच्या काळात तो औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, नागपुरात आला असं सांगतात. अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळांच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राचं काम १९८५ साली सुरू झालं, आणि २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. (जाता जाता सांगतो, बागेतलं संत्र्याचं झाड बहुधा जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेलं असतं. म्हणजे पाय जंबेरीचे आणि डोकं संत्र्याचं! शेतकरी काकांना विचाराल तर ते डोळा कसा बांधतात ते करूनच दाखवतील.)

शास्त्रज्ञांनी या घराण्यातल्या फळाफळाची तपासणी केली, तेव्हा मँडरिन कुळात ती फ्युरॅनोकुमरिन द्रव्यं जवळजवळ नाहीतच असं आढळलं. म्हणून आपला संत्रा त्या आरोपातून सुटला! मोसंबीतही ती फारच कमी असतात. लॅन्सेटमधल्या प्रयोगात संत्र्याच्या जातीच्या रसाने काही फरक पडला नाही, त्याचं कारण हेच.

इथे टाळ्या वाजवून थांबायला हरकत नव्हती. पण गोष्टीला दुसरा भाग आहे, आणि तो नागपूरच्या जास्त कामाचा आहे.

हमाल संपावर गेले तर?

कळमन्याच्या बाजारात ट्रक आला की संत्री आपोआप आत जातात का? हमाल लागतात. काही औषधं आतड्याची भिंत स्वतःहून ओलांडतात, पण काहींना उचलून आत नेणारे हमाल लागतात. आतड्यात ही कामं करणारी वाहक प्रथिनं असतात. काही फळांच्या रसांतली द्रव्यं या हमालांना अडवून धरतात. मग पहिल्या गोष्टीच्या नेमकं उलट घडतं. औषध जास्त नव्हे, कमी आत जातं. गोळी घेतली खरी, पण तिच्यातलं बरंचसं औषध आल्या वाटेने बाहेर!

रक्तदाबासाठी आणि छातीच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं ॲटेनोलॉल आपल्याकडे खूप जण घेतात. फिनलंडमध्येच दहा निरोगी माणसांना तीन दिवस रोज तीन वेळा २०० मिलिलिटर संत्र्याच्या जातीचा रस पाजला आणि त्या दिवसांत ॲटेनोलॉल दिलं. रक्तात पोचणारं औषध सुमारे ४० टक्क्यांनी घटलं! डॉक्टरांनी ५० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, पण अंगी लागली ३० मिलिग्रॅमएवढीच, असं समजा. रक्तदाब मोजला की जास्त. डॉक्टर म्हणणार, ‘काय हो, गोळी चुकवता वाटतं?’ आजोबा शपथेवर सांगणार, ‘एकही दिवस चुकवली नाही!’ दोघंही खरेच, आणि रसाच्या पेल्याचा संशय कुणालाच येत नाही.

परदेशातल्या अशा प्रयोगांत सहसा आपल्या मोसंबीच्या कुळातलं गोड नारिंग असतं, नागपुरी संत्रा नसतो. मग आपण मोकळे का? तितकेसे नाही. गोड नारिंगातलं हेस्पेरिडिन नावाचं द्रव्य हमालांना अडवतं असा शास्त्रज्ञांचा कयास आहे आणि हेस्पेरिडिन संत्र्यातही असतं. म्हणून ही गोळी रसाबरोबर घेऊ नये. मोसंबीच्या नाही आणि संत्र्याच्याही नाही. एक दिलासा असा, की हमाल मेलेले नसतात, नुसते अडवलेले असतात. काही तासांत ते पुन्हा कामाला लागतात. तेव्हा गोळी आणि रस यांत चांगलं चार तासांचं अंतर ठेवलं की इथे पुष्कळसं निभावतं. नाकेदाराच्या बाबतीत अंतर ठेवून उपयोग नव्हता, आठवतंय ना?

या हमालांचा संबंध तुमच्याशीसुद्धा येऊ शकतो. शिंका, नाक वाहणं, अंगावर पित्त उठणं यांवर फेक्सोफेनाडिन नावाची गोळी देतात. तीही हमालांच्या खांद्यावरूनच जाते आणि सफरचंद, नारिंग, ग्रेपफ्रूट यांच्या रसाने तिचं प्रमाण बरंच खाली येतं. गंमत बघा, ही गोळी मुळात आली ती टर्फेनाडिन नावाच्या जुन्या औषधाच्या जागी. टर्फेनाडिन नाक्यावर मोडलं गेलं नाही तर हृदयाचे ठोके बिघडवायचं, काही माणसं त्याने दगावलीही. म्हणून १९९८च्या सुमाराला अमेरिकेत ते बाजारातून गेलं. नाकेदार टर्फेनाडिन मोडून जे बनवायचा, तेच हे फेक्सोफेनाडिन! जुन्या गोळीला ग्रेपफ्रूटचा रस वाढवत होता, नवीला तोच कमी करतो. एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या आणि रसाची दोन तोंडं!

आता शहाळं आणि मोसंबी. कुणी दवाखान्यात असलं की आपण काय घेऊन जातो? धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांच्या रांगा आहेत, तिथे भेटीला जाणाऱ्यांच्या हातात पाहा. शहाळं नाहीतर मोसंबी! दोन्हींत पोटॅशियम भरपूर. हृदयाचा स्नायू ताल धरून आकुंचन पावतो त्यात पोटॅशियमचा मोठा वाटा असतो. फार कमी झालं तरी ताल बिघडतो, फार झालं तरी बिघडतो. निरोगी माणसाची मूत्रपिंडं जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकून देतात. पण रामिप्रिल, एनॅलाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशी काही औषधं पोटॅशियम शरीरात राखून ठेवतात. त्यात मूत्रपिंडं अधू असली आणि वरून रोज दोन-दोन पेले रस नि शहाळ्याचं पाणी सुरू झालं, तर ते साचत जातं. बाहेरून काही दिसत नाही. थोडा अशक्तपणा वाटतो, एवढंच. रक्त तपासलं तरच कळतं.

आणि याच्या अगदी उलट असेही रुग्ण असतात! फ्युरोसेमाइडसारख्या, लघवी जास्त करवणाऱ्या औषधाने पोटॅशियम वाहून जातं. अशा माणसाला डॉक्टर स्वतःच म्हणतात, ‘शहाळं प्या, मोसंबी खा.’ शेजारशेजारच्या दोन खाटा, दोघांनाही हृदयाचंच दुखणं, पण एकाला शहाळं औषधासारखं आणि दुसऱ्याला अपायाचं. म्हणून ‘त्यांच्या आजोबांना सांगितलं होतं, मग आपल्याही आजोबांना चालेल’ हे गणित इथे चुकतं.

रसाच्या गाड्यावरच्या काळ्या मिठाबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. रक्तदाबाच्या माणसाला मीठ कमी खायला सांगितलेलं असतं. घरी आजी बिचारी अळणी वरण खाते, पापड-लोणच्याकडे पाहतही नाही, आणि बर्डीवर गेल्यावर रसवाला रसात चिमूटभर काळं मीठ नि मसाला टाकून मोकळा होतो. ‘भैया, मीठ नको’ एवढं आधी सांगायला काय हरकत आहे?

तर मग घरी काय करायचं? पहिली गोष्ट, हे वाचून कुणाचीही गोळी बंद करायला सांगू नका. हृदयाची गोळी अचानक थांबवणं हे रसापेक्षा कितीतरी धोक्याचं. ॲटेनोलॉलसारखी गोळी एकाएकी सोडली तर छातीत दुखणं उसळू शकतं. आजी-आजोबांचं संत्रंही हिरावून घेऊ नका. वाटीभर फोडी चवीने खाणं आणि गोळीबरोबर दोन पेले रस गटागटा पिणं यांत फरक आहे. गोळी मागितली की पेल्यात साधं पाणी द्या, हे तर आजपासूनच करता येईल.

मग एखाद्या रविवारी आजोबांजवळ बसा आणि गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या बाहेर काढा. पट्टीवर ठळक अक्षरांत असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. ते सोडून द्या. त्याच्याजवळ बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं, ते वहीत उतरवून घ्या. आजोबांचा चष्मा त्या अक्षरांपुढे हार मानतो, तुमचे डोळे कामाला येतील. कधीकधी एका गोळीत दोन औषधं असतात, तेव्हा दोन्ही नावं लिहा. समोरच्या रकान्यात लिहा: कधी घेतात, कशाबरोबर घेतात. चहा? दूध? रस? पुढच्या रकान्यात दिवसभरात काय काय पितात ते लिहा. डब्यातला रस असेल तर डब्यावरची यादी वाचा, ‘मिक्स्ड फ्रूट’ नावाखाली काहीही असू शकतं. हा कागद पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना आजोबांच्या खिशात घाला आणि वर प्रश्न लिहा: ‘यांतल्या कोणत्या गोळीला कोणतं फळ चालत नाही?’ डॉक्टरांच्या खोलीत गर्दी असते, आजोबा विचारायचे विसरतात. कागद विसरत नाही. मेडिकलच्या दुकानातल्या फार्मासिस्टलाही हा प्रश्न विचारता येतो. तो याच विषयाचा अभ्यास करून तिथे उभा असतो. आपण त्याला सुट्या पैशांपलीकडे काही विचारतच नाही.

डेव्हिड बेली २०२२ साली वारले. फ्रिजमधल्या रसांची चव घेताना त्यांना कुठे ठाऊक होतं, की त्यातून पुढे जगभरच्या गोळ्यांच्या खोक्यांवर सूचना छापल्या जातील! इकडे वनस्पतिशास्त्रज्ञ दुसऱ्याच प्रश्नाच्या मागे लागले आहेत: ती त्रासदायक द्रव्यं नसलेलं ग्रेपफ्रूट करता येईल का? अमेरिकेतल्या फ्लॉरिडा विद्यापीठाने पपनस-ग्रेपफ्रूटच्या संकरातून ती द्रव्यं कमी असलेली एक जात काढलीही आहे. आणि इस्रायलच्या संशोधकांना अलीकडे एक मजेशीर गोष्ट सापडली. मँडरिन कुळात ही द्रव्यं का नसतात, तर ती बनवायला लागणाऱ्या एका जनुकातच बिघाड आहे! कधी काळी, कुणास ठाऊक किती हजार वर्षांपूर्वी, त्या कुळातल्या झाडाच्या कारखान्यातलं एक यंत्र मोडलं आणि ते पुन्हा कधी दुरुस्त झालंच नाही. ही द्रव्यं झाडाला किडी-बुरशीपासून वाचायला उपयोगी पडतात, म्हणजे झाडाच्या बाजूने पाहिलं तर तो तोटाच. पण त्या मोडक्या यंत्राचा नमुना पाहून आता शास्त्रज्ञ पपनस आणि ग्रेपफ्रूटमधलं तसलंच यंत्र बंद पाडायच्या खटपटीत आहेत. ते जमलं, तर कॅनडातल्या आजोबांना न्याहारीच्या टेबलावर त्यांचं आवडतं फळ परत मिळेल, आणि इकडे गणपतीच्या पपनसाची आख्खी फोड आपल्या आजोबांच्या ताटात पडेल.